पोर्ट ऑफ स्पेन पायी: सवानाच्या प्रदक्षिणेपासून बॉम्बे स्ट्रीटपर्यंत

त्रिनिदादच्या राजधानीत मी पहिल्यांदा गेलो तो रविवार होता. सामान टाकलं आणि थेट जुन्या पेठेत, फ्रेडरिक स्ट्रीटवर गेलो. रस्ताभर शटर खाली, एक कुत्रा आणि मी. बाहेरून दोन चर्चं पाहिली, घाम पुसत परत आलो आणि ‘या गावात बघायला काही नाही’ असं घरी कळवूनही टाकलं. पुढे चार दिवसांत मत पार बदललं. शहर तेच होतं, मी चुकीच्या वेळी चुकीच्या टोकाला उभा होतो.

पोर्ट ऑफ स्पेन हे तिकीट काढून आत शिरण्याचं शहर नव्हे. इथल्या निम्म्या इमारती बाहेरूनच पाहायच्या असतात. म्हणून कुठली गोष्ट कोणत्या प्रहराला पाहायची, यावर सगळा खेळ आहे. खाली दिलेला क्रम तीन दिवसांचा आहे आणि तो ऊन, सावली आणि बाजाराच्या वेळा बघून लावलेला आहे.

निघण्याआधी

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पीतज्वराची लस. यलो फीव्हर ज्या देशांत आढळतो त्यांच्या भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद बेट येतं. परतताना पिवळं कार्ड, म्हणजे या लसीचं प्रमाणपत्र, नसेल तर विमानतळावरून घरी न जाता सहा दिवस विलगीकरणात राहावं लागू शकतं. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, तेव्हा ती सरकारमान्य केंद्रात आणि वेळेत घ्या. एकदा घेतलेली लस जन्मभर चालते.

दुसरी गोष्ट, अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर नुसत्या दोन तासांच्या थांब्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून घाई करू नका. तिसरी गोष्ट गमतीची वाटेल, पण ती कायद्याची आहे. लष्करी ठिपक्यांचे, म्हणजे कॅमोफ्लाज छापाचे कपडे सामान्य माणसाने इथे घालायला बंदी आहे. पोरांच्या टोप्या आणि बॅगासुद्धा तपासून घ्या.

जानेवारी ते मे कोरडा काळ. मार्च-एप्रिलमध्ये पुईची झाडं गुलाबी-पिवळी फुलतात, तेव्हा शहर सगळ्यात देखणं दिसतं. जून ते डिसेंबर पावसाचा, पण आपल्यासारखी झड नसते. दुपारी एक जोरदार सर आणि पुन्हा ऊन. कार्निव्हल ॲश वेन्सडेच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या, आधीच्या सोमवारी-मंगळवारी असतो. सोमवारी पहाटे अंधारात चिखल आणि रंग फासून जी मिरवणूक निघते तिला ‘जूवे’ म्हणतात, ती म्हणजे शुद्ध धुळवड. ती अनुभवायची असेल तर जरूर जा, पण मग इमारती बघायचं विसरा. त्या आठवड्यात निम्मे रस्ते बंद असतात आणि हॉटेलवाले म्हणतील ती किंमत.

घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे. पियार्को विमानतळ शहराच्या पूर्वेला पंचवीस-एक किलोमीटरवर आहे. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. टॅक्सीत बसताना नंबरप्लेट बघा: ‘एच’ने सुरू होणारी गाडी भाड्याची, ‘पी’ने सुरू होणारी खासगी. ‘पी’वाला कितीही प्रेमाने बोलावू दे, बसायचं नाही. मॅक्सी-टॅक्सी म्हणजे आपली वडाप, फक्त अंगावर रंगीत पट्टा असलेली. पिवळ्या पट्ट्याच्या शहरात आणि पश्चिमेकडे धावतात, लाल पट्ट्याच्या पूर्वेकडे आणि हिरव्या मध्य भागाकडे व दक्षिणेकडे. त्यांचं मुख्य ठाणं साउथ की रस्त्यावरच्या जुन्या रेल्वे स्टेशनात आहे. १९६८ मध्ये आगगाडी कायमची बंद झाली, इमारत राहिली.

पहिली सकाळ: सवानाला प्रदक्षिणा

सकाळी साडेसहाला क्वीन्स पार्क सवानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर उभे राहा. सुमारे २६० एकरांचं हे मैदान एके काळी ‘पॅराडाइज’ नावाचा उसाचा मळा होतं. गव्हर्नर राल्फ वुडफर्डने १८१७ मध्ये ते पेशिए कुटुंबाकडून शहरासाठी घेतलं. त्या कुटुंबाची छोटी दफनभूमी भिंतीआड अजून मैदानाच्या मधोमध आहे. भोवतालचा रस्ता साडेतीन किलोमीटरहून थोडा जास्त, आणि गावकरी त्याला अभिमानाने जगातलं सर्वांत मोठं राउंडअबाउट म्हणतात. वाहनं एकाच दिशेने फिरतात, मैदान उजव्या हाताला ठेवून. म्हणजे अख्खं शहर दिवसभर बिनचूक प्रदक्षिणा घालत असतं. तुम्हीही त्याच दिशेने निघा.

सकाळच का, तर पश्चिमेच्या मरावल रोडवर ओळीने सात हवेल्या आहेत. ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ म्हणून त्या प्रसिद्ध आहेत, आणि सातही जणींची तोंडं पूर्वेला आहेत. आठच्या आत कोवळं ऊन त्यांच्या दर्शनी भागावर पडतं. दुपारी चारला याल तर सूर्य त्यांच्या पाठीमागे, फोटोत नुसत्या काळ्या आकृत्या.

बहुतेक बांधल्या गेल्या १९०३ ते १९१० च्या दरम्यान. तेव्हा कोकोला सोन्याचा भाव होता आणि मळेवाल्यांना आपली श्रीमंती दाखवायची घाई झाली होती. परिणामी शेजारी शेजारी राहणाऱ्या सात घरांच्या सात तऱ्हा.

दक्षिणेकडून पहिली क्वीन्स रॉयल कॉलेजची शाळा, १९०४ ची, लाल-पिवळसर रंगाची, घड्याळाच्या मनोऱ्याची. लेखक-विचारवंत सी. एल. आर. जेम्स, देशाचे पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स आणि नोबेलविजेते व्ही. एस. नायपॉल या एकाच शाळेतले. मग अँग्लिकन बिशपसाठी बांधलेलं हेज कोर्ट. ते साधं आहे, झटकन पुढे गेलात तरी चालेल. तिसऱ्या ‘मिल फ्लर’पाशी मात्र थांबा. कुंपणाच्या सळ्यांना नाक लावून वरच्या सज्जाकडे बघा. झालरीसारखं लटकणारं जाळीकाम आहे. त्यातून ऊन गाळून भिंतीवर पडतं आणि भिंतीवर दुसरी झालर तयार होते. सूर्य वर चढला की ती सावलीची झालर आखडत जाते आणि नऊच्या सुमारास नाहीशी होते. मी दोन सकाळी तेवढ्यासाठी गेलो होतो.

चौथं ‘रूमोर’ फ्रेंच थाटाचं, कळसांनी आणि लोखंडी नक्षीने लगडलेलं. तिथे लोक राहतात, तेव्हा फाटकातून आत कॅमेरा खुपसू नका. पाचवा आर्चबिशपचा वाडा. सहावं व्हाइटहॉल, बार्बाडोसहून आणलेल्या पांढऱ्या प्रवाळी दगडाचं. ॲगोस्टिनी नावाच्या कोको-मळेवाल्याने ते घर म्हणून बांधलं आणि पुढे पंतप्रधानांचं कार्यालय तिथे आलं. शेवटचा स्टॉलमायरचा किल्ला. उष्ण कटिबंधात स्कॉटिश बुरूज कोणाला सुचावेत? रॉबर्ट गिलीज नावाच्या स्कॉटिश वास्तुविशारदाला. गोल मनोरा, दगडी कंगोरे आणि शेजारी नारळाचं झाड. सातांत सर्वाधिक विजोड हेच, आणि मला सर्वांत आवडतं तेही हेच.

इथून रस्ता उजवीकडे वळतो. उत्तरेला १८१८ मध्ये सुरू झालेली बोटॅनिक गार्डन. शेजारच्या प्राणिसंग्रहालयाचं नाव ‘एम्परर व्हॅली’, ते खोऱ्यात दिसणाऱ्या मोठ्या निळ्या एम्परर फुलपाखरावरून. सोबत मुलं असतील तर तास-दीड तास काढा, नसतील तर बागेतल्या बाकावर पंधरा मिनिटं बसा आणि पुढे निघा. पूर्वेची बाजू रटाळ आहे. दक्षिणेला ‘नापा’ या राष्ट्रीय कला अकादमीच्या नाट्यगृहाची चकचकीत इमारत आहे, राष्ट्रीय फूल चाकोनियाच्या पाकळ्यांवरून घडवलेली. तिच्याजवळ फ्रेडरिक स्ट्रीटच्या टोकाला राष्ट्रीय संग्रहालय, १८९२ ची वास्तू. मिशेल-जाँ काझाबाँ या एकोणिसाव्या शतकातल्या त्रिनिदादी चित्रकारासाठी तिथे जायचं. जाण्याआधी फोन करून उघडं असल्याची खात्री करून घ्या, इथे दुरुस्त्या लांबतात.

डबल्स कसे खायचे

प्रदक्षिणा पुरी झाली की भूक लागते, आणि डबल्सची गाडी सकाळीच गाठायची असते. दोन मऊ, हळदीने पिवळे तळलेले ‘बारा’, मध्ये रस्सेदार ‘चना’, वर काकडी, चिंचेची चटणी आणि कुचेला, म्हणजे किसलेल्या कैरीचं लोणचं. विक्रेत्याचे हात बघत राहावे असे: डाव्या तळहातावर कागद, त्यावर दोन बारा एकमेकांवर अर्धे चढवून, चमचाभर चना, चटण्यांचे तीन झटके, कागदाची दोन टोकं धरून गरकन पीळ. पाच सेकंद लागत नाहीत.

चमचा मागू नका. कागद तळहातावर उघडा, वरचा बारा तोडून त्यानेच चना उचला. तिखटाचं प्रमाण सांगावं लागतं: ‘स्लाइट’ म्हणजे जरासं. कोल्हापूरचे असाल तरी पहिल्या दिवशी ‘स्लाइट’च म्हणा. इथली मिरची तांबड्या रश्श्याच्या जातकुळीतली नव्हे. जगातल्या सर्वांत जहाल मिरच्यांत गणली जाणारी मोरुगा स्कॉर्पियन याच बेटावरची.

शाकाहाऱ्यांची इथे चैन आहे. ‘सहीना’ म्हणून जे मिळतं ती आपली अळूवडी, ‘फुलोरी’ म्हणजे गोल भजी, आणि ‘धालपुरी’ म्हणजे गूळ घालायचा राहून गेलेली डाळीची पोळी. पराठा तव्यावर चुरगाळून देतात, त्याला ‘बस-अप-शट’ म्हणतात, फाटक्या शर्टासारखा दिसतो म्हणून. सावध राहायचं ते फक्त ‘कलालू’बाबत. दिसायला अळूचं फदफदं, पण आत पुष्कळदा खेकडा असतो.

ओव्हल: थोडा स्वार्थ

सवानापासून नैर्ऋत्येला पंधरा-वीस मिनिटं चाललं की ट्रॅगरेट रोडवर क्वीन्स पार्क ओव्हल लागतं. क्रिकेटशी देणंघेणं नसेल तर हा भाग सोडून द्या. मी सोडणार नाही.

मार्च १९७१. कर्णधार अजित वाडेकर. पहिलीच कसोटी खेळणारा सुनील गावसकर, ६५ आणि नाबाद ६७. मडगावचा दिलीप सरदेसाई, ११२. दुसऱ्या डावात सलीम दुराणीने लॉइड आणि सोबर्स यांना उडवलं आणि भारताने वेस्ट इंडिजविरुद्ध आपला पहिला कसोटी विजय इथे मिळवला, सात गडी राखून. महिन्याभराने मालिकेच्या शेवटच्या कसोटीत गावसकर याच मैदानावर दाढदुखी घेऊन खेळला: १२४ आणि २२०. चार कसोटींत ७७४ धावा. पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, इथेच भारताने ४०३ धावांचं लक्ष्य चार गडी गमावून गाठलं.

सामना नसेल त्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याला नीट ‘गुड मॉर्निंग’ म्हणून विचारा. या देशात अभिवादन केल्याशिवाय काही विचारणं उर्मट समजतात, दुकानात शिरतानासुद्धा. मुंबईकडून आलोय म्हटल्यावर मला पाच मिनिटांसाठी आत सोडलं, तुम्हालाही सोडतीलच असं नाही. आत गेलात तर खेळपट्टीकडे नंतर बघा, आधी उत्तरेला मान वळवा. प्रेक्षागाराच्या मागून हिरवे डोंगर थेट चढत जातात.

समोरच्या बाजूला ‘इनव्हेडर्स’ या जुन्या स्टीलपॅन पथकाची तालीम चालते. तेलाच्या पिंपाला ठोकून ठोकून सूर काढायचं वाद्य १९३०-४० च्या दशकांत याच शहरातल्या गरीब वस्त्यांत जन्मलं. कार्निव्हलआधीच्या आठवड्यांत रात्री तालमींना बाहेरच्यांनी उभं राहून ऐकायला हरकत नसते. आपल्या ढोलपथकांच्या नदीकाठच्या तालमी आठवतील, वादकांची शिस्त आणि बघ्यांची बेशिस्त दोन्ही धरून.

दुसरी सकाळ: जुनं शहर, आणि रविवार सोडून

नऊला इंडिपेंडन्स स्क्वेअरवर या. त्याच्या मधल्या पट्ट्याला ब्रायन लाराचं नाव आहे. नाव चौकाचं, पण हा लांबट रस्ता आहे, आणि एके काळी समुद्र इथपर्यंत होता. पूर्व टोकाचं दगडी रोमन कॅथलिक कॅथेड्रल तेव्हा जवळजवळ किनाऱ्यावर उभं होतं. पुढची सगळी जमीन भराव घालून मिळवलेली. खरं वाटत नसेल तर साउथ कीवरचा फोर्ट सॅन आंद्रेस बघा. बंदराच्या रक्षणासाठी स्पॅनिशांनी १७८० च्या दशकात पाण्यात बांधलेली ही गढी आता रहदारीत अडकून पडली आहे, समोर मॅक्सी-टॅक्स्यांची रांग. इंग्रजांनी १७९७ मध्ये बेट घेतलं ते लढाईविनाच, त्यामुळे गढीच्या वाट्याला पराक्रमही आला नाही.

मग फ्रेडरिक स्ट्रीटने उत्तरेला. कापडाची दुकानं, फुटपाथवरचे विक्रेते, स्पीकरवर सोका, म्हणजे इथलं नाचरं संगीत. पाकीट पुढच्या खिशात. दोन-तीन चौकांनंतर डावीकडे वुडफर्ड स्क्वेअर. १८०८ च्या आगीत लाकडी शहर जळालं आणि नंतर आलेल्या वुडफर्डने ते नव्याने आखलं. चौकाला त्याचं नाव त्यामुळे. पण या चौकाची खरी ओळख १९५० च्या दशकातली. एरिक विल्यम्स इथे झाडांखाली गर्दीपुढे इतिहास आणि राजकारणावर तासन्‌तास व्याख्यानं द्यायचे. लोक त्याला ‘युनिव्हर्सिटी ऑफ वुडफर्ड स्क्वेअर’ म्हणू लागले. ३१ ऑगस्ट १९६२ ला देश स्वतंत्र झाला. आजही बाकांवर कोणीतरी कोणालातरी हातवारे करून सरकार कसं चुकतंय ते समजावत असतं. बसा आणि ऐका.

पश्चिमेला रेड हाउस, म्हणजे संसद. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवासाठी ही वास्तू लाल रंगवली आणि नाव चिकटलं. २३ मार्च १९०३ ला नव्या पाणी-कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांनी ती जाळली. गोळीबारात १६ जण मेले. आत्ता दिसते ती १९०७ ची उभारणी. २७ जुलै १९९० ला ‘जमात अल मुस्लिमीन’च्या सशस्त्र लोकांनी इथे पंतप्रधान रॉबिन्सन यांच्यासह अनेकांना ओलीस धरलं आणि सहा दिवस देश श्वास रोखून बसला. पुढे दुरुस्तीसाठी जमीन उकरताना २०१३ मध्ये खाली मूळ रहिवाशांची हाडं आणि भांडी निघाली. संसद २०२० मध्ये इथे परतली. एवढं सगळं एका इमारतीत, आणि बाहेरून ती दिसते एखाद्या शांत जिल्हा कचेरीसारखी.

दक्षिणेच्या अँग्लिकन ट्रिनिटी कॅथेड्रलमध्ये आत जाऊन फक्त मान वर करा: महोगनीच्या तुळयांचं छत. उत्तरेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात स्वच्छ प्रसाधनगृह आणि थंडावा आहे, आणि जुनं अग्निशमन केंद्र त्याच इमारतीत जपून बसवलं आहे. दुपारी बारापर्यंत इथलं आवरा. पाचनंतर हा भाग ओस पडतो, तेव्हा पायी फिरू नका. पूर्वेकडच्या लाव्हेंटिलच्या टेकड्यांवर ओळखीच्या स्थानिक माणसाशिवाय दिवसाही जाऊ नका.

दुपार: सेंट जेम्स आणि किल्ला

पिवळ्या पट्ट्याची मॅक्सी धरून सेंट जेम्सला उतरा आणि रस्त्यांच्या पाट्या वाचत चला. कलकत्ता स्ट्रीट, मद्रास स्ट्रीट, लखनौ, बनारस, नेपाल आणि हो, बॉम्बे स्ट्रीट. दोन्ही बाजूंनी छोटी घरं, एका अंगणात झेंड्या फडकणाऱ्या काठ्या, म्हणजे त्या घरी पूजा झालेली. ३० मे १८४५ ला ‘फातेल रझाक’ जहाजातून दोनशेवर भारतीय मजूर त्रिनिदादला उतरले आणि १९१७ पर्यंत सुमारे दीड लाख आले. बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातले, काही मद्रासकडचे. आपल्याकडून जवळपास कोणी आलं नाही. तरी बॉम्बे स्ट्रीटच्या पाटीखाली फोटो काढल्याशिवाय राहवत नाही. नेपाल स्ट्रीटवरचं २६ क्रमांकाचं घर नायपॉलच्या वडिलांचं. उंच, अरुंद, डब्यावर डबा ठेवल्यासारखं.

मोहरमच्या दिवसांत आलात तर नशीब. इथे त्याला ‘होसे’ म्हणतात, आणि त्यात हिंदू, मुसलमान, आफ्रिकी वंशाचे सगळे सामील होतात. कागद-बांबूचे उंच ‘तजा’ रात्री रस्त्याने निघतात, म्हणजे आपले ताबूत. पुढे जे वाजतं ते ‘तासा’. नावासकट आपला ताशाच. रस्त्याच्या कडेला शेकोटी करून पोरं कातडं तापवताना दिसली, गावाकडे हलगी शेकतात तशी. पहिला ठोका पडला तेव्हा मी मिरवणुकीत कोणत्या बाजूला सरकायचं हे कोणी न सांगताच सरकलो.

साडेतीनच्या सुमारास टॅक्सी ठरवून फोर्ट जॉर्जला चढा. मॅक्सी वर जात नाही, तेव्हा परतीचंही आधीच ठरवून ठेवा. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० फुटांवरचा हा किल्ला १८०४ चा. त्याने एकही लढाई पाहिली नाही. वरचं लाकडी टेहळणी घर १८८३ मध्ये आखलं ते प्रिन्स कोफी न्टी याने, पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती राजाच्या मुलाने. स्वच्छ हवेत पश्चिमेला व्हेनेझुएलाचे डोंगर दिसतात. सहाच्या आत खाली उतरा. रात्रीचं जेवण पुन्हा सवानाच्या कडेला, ठेल्यांवर, शहाळ्यासकट.

तिसरा दिवस: गाडी करून बाहेर

दिवसभरासाठी चालकासह गाडी घ्या आणि दहाला दक्षिणेकडे निघा. तासाभरात कारापिचाइमा. तिथे ८५ फुटी हनुमान आणि शेजारी दत्तात्रेय योग केंद्राचं देऊळ आहे, दाक्षिणात्य शिल्पांनी भरलेलं. वाडीला औदुंबराखाली पादुकांपुढे बसायची सवय असलेल्याला हा रंगीबेरंगी थाट जरा बुजवतो, पण दत्त तो दत्तच.

तिथून जवळच वॉटरलूचं समुद्रातलं मंदिर. शिवदास साधू या मजुराने १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची, म्हणून १९५२ मध्ये ते पाडलं गेलं आणि त्याला १४ दिवस तुरुंगात टाकलं. जमीन मालकीची असते, समुद्र कोणाचाच नसतो, हे ओळखून तो ओहोटीला सायकलवरून दगड-सिमेंट नेऊन पाण्यात टाकत राहिला, वर्षानुवर्षं. त्याच्यामागे सरकारने १९९५ मध्ये काम पुरं केलं. शेजारीच स्मशानघाट आहे, तेव्हा चिता जळत असेल तर कॅमेरा पिशवीत ठेवा.

तीनपर्यंत उत्तरेला वळा, कारण चारच्या आसपास कारोनीच्या दलदलीत नावा सुटतात. जागा आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि डासांचं मलम, पूर्ण बाह्यांचा सदरा, दुर्बीण बरोबर घ्या. तिवरांच्या कालव्यातून नाव संथ जाते, फांदीवर गुंडाळून झोपलेला साप नावाडीच दाखवतो, तुम्हाला दिसणार नाही. मग नाव उघड्या पाण्यात नेऊन दोरीने बांधतात आणि इंजिन बंद होतं. सव्वापाचच्या पुढे लाल शराटी यायला लागतात, आधी दोन, मग सात, मग मोजणं सोडून द्यावं लागतं. समोरच्या बेटावरच्या हिरव्या तिवरांवर त्या उतरत जातात. हा राष्ट्रीय पक्षी असून त्याची शिकार हा मोठा गुन्हा आहे, आणि नावा लांबच थांबवतात, म्हणून मोबाइलच्या फोटोत नुसते लाल ठिपके येतात. दुर्बीण आणा म्हटलं ते त्यासाठी. नावेत डाव्या-उजव्या बाकाचा वाद घालू नका, बांधताना नाव फिरवतातच.